बसच्या तिकिटापेक्षा महाग

मुळे सरांना मी सत्तावीस वर्षं सिगारेट विकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला भली बाई समजायला नको.

औरंगपुऱ्यात सिटी बस थांबायची त्या कोपऱ्यावर आमची पानटपरी होती. मालक अचानक गेले. दोन मुली पदरात. दिवस उरकले आणि दुसऱ्या सकाळी मी टपरी उघडून बसले. पानटपरीवर बाईमाणूस म्हटल्यावर गिऱ्हाईक लांबूनच बघे आणि चार पावलं पुढं नूरचाचांच्या टपरीवर जाई. दुपार झाली तरी भवानी झाली नव्हती. मग एक उंच, जरासा वाकलेला माणूस आला. पांढरा सदरा, बोटांना खडू.

"वहिनी, एक द्या."

काय एक, ते मला कळेना. त्यांनी बोटानं पाकीट दाखवलं.

"मालक न विचारता द्यायचे. तुम्हालाही होईल सवय."

सवय झाली. पुढं बसमधून उतरताना त्यांचा पाय दिसला तरी माझा हात पाकिटाकडं जायचा.

सर जवळच्याच शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत, वरच्या वर्गाला अर्थशास्त्रही. सिगारेट ते खडूसारखी धरत, तीन बोटांत, आणि बोलता बोलता हवेत काहीतरी लिहीत. थोटकं कधी रस्त्यावर टाकलं नाही. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी असायची, तिच्यात विझवून ठेवत. गोळ्या खोकल्याच्या, आणि थोटकंही त्याच डबीत. मी एकदा म्हणाले, "सर, दोन्ही एका जागी ठेवताय." तर म्हणाले, "रोग आणि औषध जवळ असलेलं बरं. शोधाशोध नको."

विद्यार्थ्यांसमोर ओढायची नाही हा त्यांचा नेम. पोरगं दिसलं की टपरीच्या मागं जात. एकदा मागं जायला सवड मिळाली नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी, चांगला मिशा आलेला, फौजदार झालेला, समोरून आला आणि पाया पडला. सरांनी पेटती सिगारेट मुठीत दाबली. तो बोलत राहिला. बदली कुठं झाली, बायको कुठली, सासरा काय करतो, सगळं. सर मान डोलवत होते. तो गेल्यावर मूठ उघडली, तर तळव्याला हा एवढा फोड. मी चुन्याच्या डब्याकडं हात नेला.

"चुना नको, पाणी द्या," म्हणाले. "आणि एक सिगारेट द्या. ही वाया गेली."

मी हसले तेव्हा. आता आठवलं की हसू येत नाही.

मी बिडकीनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. सरांना ते ठाऊक होतं, म्हणून पेपरातलं मला सोपं करून सांगत. बजेट म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळं कळलं. त्याआधी माझ्या लेखी बजेट म्हणजे, वर्षातून एकदा ठोकवाला व्यापारी पंधरा दिवस "माल नाही" म्हणतो ते. त्याचं गोदाम भरलेलं असायचं. भाव वाढला की माल बाहेर यायचा. शहाणी गिऱ्हाइकं आधीच पाकिटांचे गठ्ठे घरी नेऊन ठेवत. कुणी कपाटात, कुणी बायकोच्या साड्यांखाली.

सर साठवत नसत. मी स्वतः एकदा म्हणाले, "सर, दहा पाकिटं बाजूला ठेवू का? परवा वाढणार."

"नको. साठवली तर मला कर बसणार नाही. मला बसला पाहिजे."

"कशाला?"

"तो त्याच्यासाठीच असतो, वहिनी. सरकारला पैसा मिळावा हे एक, आणि माझ्यासारख्याला परवडू नये हे दुसरं. मला आपणहून सोडता येत नाही. सहा वेळा सोडून बघितली. आता सरकारनंच सोडवायची."

आणि ते हे थट्टेनं म्हणत नव्हते. सरकार दरवर्षी थोडं थोडं महाग करत नेईल आणि एक दिवस आपला हात खिशातून रिकामा बाहेर येईल, असं त्यांना खरंच वाटायचं. बजेटच्या दिवशी शाळेतून अर्धी सुट्टी काढून रेडिओ घेऊन टपरीवर येत. आजूबाजूचे दुकानदार, रिक्षावाले जमत. सिगारेटचं नाव आलं की सगळे शिव्या द्यायचे. सर एकटे खूष.

"वाढवली. पण कमी वाढवली."

"मास्टर साब, आप किसकी तरफ हो?" नूरचाचा विचारायचे.

"बायकोच्या," सर म्हणायचे.

वाढ व्हायची काही पैशांची. सुट्ट्या पैशांचा घोळ नको म्हणून मी एका सिगारेटीचा भाव वर ढकलून सरळ नाणं करायचे. सरांनी ते पहिल्याच वर्षी पकडलं. "वहिनी, यातला अर्धा कर सरकारचा आणि अर्धा तुमचा."

"व्हय," मी म्हटलं. "माझं बी एक सरकार हाय घरी, दोन पोरींचं."

ते पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत. नाणं मात्र रोज ठेवत गेले.

मग एका वर्षी मास्तरांचे पगार वाढले. वेतन आयोग का काय ते. शाळेत पेढे वाटले गेले. सर एक पुडा घेऊन माझ्याकडं आले, तोंड मात्र कुणी गेल्यासारखं.

"घ्या पेढा. आता दोन-चार वर्षं काही सुटत नाही."

"का?"

"पगार जास्त वाढला, सिगारेट कमी वाढली. म्हणजे ती मला स्वस्त झाली. सरकारनं मागं टाकलं स्वतःलाच."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाचं काही खरं नाही. गिऱ्हाईक म्हणतं उद्या सोडतो, सोमवारी सोडतो, पोरीच्या लग्नानंतर सोडतो. ते मी रोज ऐकायचे. पण सुटण्याचं कामच दुसऱ्यावर टाकून हा माणूस निवांत बसला होता, आणि तो दुसरा तर दिल्लीत.

पुढं त्यांनी एक रेघ ठरवली. मला साक्षीदार केलं. सर राहायला गारखेड्यात. रोज औरंगपुऱ्यातून सिटी बसनं घरी जात. ते म्हणाले, "ज्या दिवशी एक सिगारेट गारखेड्याच्या तिकिटापेक्षा महाग होईल, त्या दिवशी बंद. माणसाला घरी पोचवणाऱ्या गोष्टीपेक्षा राख होणारी गोष्ट महाग झाली की ती घ्यायची नाही."

नूरचाचांना सांगितलं. रिक्षावाल्यांना सांगितलं. झालं, सगळ्या नाक्याला नवा खेळ मिळाला. सिगारेट वाढली की सगळे सरांकडं बघत. मग बसचं तिकीट वाढायचं आणि सर सुटायचे. "बसनं वाचवलं," रिक्षावाले म्हणायचे. कितीतरी वर्षं ती दोघं अशी मागंपुढं पळत राहिली. सरांचे केस पिकले. खोकला आधी सकाळचा होता, तो दिवसाचा झाला.

शेवटी एका बजेटला सिगारेट तिकिटाच्या पुढं गेली. थोडीथोडकी नाही, चांगली पुढं. रेडिओ जाऊन तोवर समोरच्या दुकानात टीव्ही आला होता. दुकानदारानं तिथूनच ओरडून सांगितलं. नाक्यावरचे सगळे सरांकडं बघायला लागले. सरांनी हातातली संपवली, डबीत विझवली, डबी खिशात ठेवली.

"बरं, वहिनी," म्हणाले आणि बसमध्ये चढले.

तीन दिवस आले नाहीत. म्हणजे शाळेत येत होते, पण बसमधून उतरून पलीकडच्या बाजूनं जात. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. रोजचं गिऱ्हाईक गेलं, ते मला जाणवलं. पण मी नूरचाचांना म्हटलं, "सुटली वाटतं." ते म्हणाले, "देखो भाभी. अभी कच्चा है."

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर समोर उभे.

"द्या एक."

"सर, तिकिटापेक्षा महाग झाली."

"कुठलं तिकीट?" ते म्हणाले. "मी बस सोडली. चालत जातो आता. तिकीटच नाही, मग कशापेक्षा महाग?"

नाक्यावरचे हसले. कुणीतरी टाळी दिली. सरही हसले, आणि हसता हसता खोकले, ते बराच वेळ. मी सिगारेट दिली. दिल्यावर ते पैठण गेटच्या दिशेनं चालायला लागले, आणि मी बघत राहिले. तिथून क्रांती चौक, तिथून पुढं गारखेडा. धडधाकट माणसालाही ती थोडीथोडकी वाट नाही. आणि हा माणूस धाप लागलेली छाती घेऊन निघाला होता, त्या छातीत धूर भरायचे पैसे वाचावेत म्हणून.

टपरीवर बसून मी एवढं शिकले. सिगारेट महाग केली की माणूस सिगारेट सोडत नाही, दुसरं काहीतरी सोडतो. काही सोडतातही, मी नाही म्हणत नाही. पोरंसोरं धरत नाहीत, तेही पाहिलं. पण ज्याला लागली, तो आधी घरातलं सोडतो. दूध अर्ध्यावर आणतो. चप्पल शिवून वापरतो. मुळे सरांनी बस सोडली, मग सकाळचा पेपर सोडला, मग सुमनताईंचे डोळे.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना पाहिलं नव्हतं. सर निवृत्त झाले, तरी औरंगपुऱ्यात संध्याकाळच्या शिकवण्या घेत, म्हणून येत राहिले. गारखेड्यात ते कधी ओढत नसत. तिथं ते शेजारी होते, कुणाचे तरी आजोबा होते. ओढायला त्यांना माझी टपरीच लागायची. त्या दिवसांत एका दुपारी एक बारीक बाई बसमधून उतरल्या आणि पाट्या वाचत वाचत, नाक अगदी जवळ नेऊन, माझ्यापर्यंत आल्या. मोतीबिंदू दिसतच होता.

"वहिनी तुम्हीच का?"

"व्हय."

"मी मुळे सरांची बायको. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं पुढं ढकललंय, त्याचं काही नाही. यांना डॉक्टरकडं नेलं होतं. छातीचा फोटो काढला. आत्ता सोडली तर जेवढं उरलंय तेवढ्यावर दिवस निघतील म्हणाले. नाही सोडली तर एक-दोन वर्षं, तीही घुसमटत." मग थांबून म्हणाल्या, "तुम्ही देऊ नका."

मी सरळ बोलले. "ताई, मी नाही दिली तर पुढचा देईल."

"त्यांच्याकडं आधी जाऊन आले. म्हणाले, भाभी देणार नसतील तर मीही देणार नाही."

मी शब्द दिला.

त्या दिवशी संध्याकाळी सर आले. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"सर, देणार नाय."

"का?"

"ताई आल्या होत्या."

ते नूरचाचांकडं गेले. चाचांनी दोन्ही कान धरले. "मास्टर साब, माफ करो. आपकी घरवाली को जबान दिया मैं."

सर परत माझ्यापुढं आले. रागावले नव्हते. उलट चेहरा मोकळा वाटला. "एवढ्या बजेटांना जमलं नाही, ते तुम्ही दोघांनी केलं," म्हणाले. "बरं केलं, वहिनी. टिकून राहा."

मी आठ-दहा दिवस टिकले.

मग एका संध्याकाळी बस थांब्याच्या कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं दिसलं, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वर घेऊन. जवळ गेले तर सर. ओठ निळे पडलेले. रोज गुलमंडीपर्यंत चालत जात होते. तिकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मी पाणी दिलं. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांनी खिशातून जे काढलं ते बघून मला लाज वाटली, त्यांच्याकरता. बिडीचं बंडल होतं.

"पेन्शनीत एवढंच बसतं," म्हणाले. "आणि काय गंमत आहे बघा. सिगारेटवर एवढा कर, हिच्यावर नावाला. गरिबाची म्हणून सरकार हात लावत नाही. गरिबाचं फुफ्फुस वेगळं असतं का, वहिनी?"

मी पाण्याचा ग्लास पुन्हा भरून दिला.

"अजून एक सांगू? आयुष्यभर मी सरकारला किती कर दिला असेल. आता मी सरकारी दवाखान्यात जाऊन पडणार, तर त्याच्या कितीतरी पट ते माझ्यावर घालवतील. तोट्याचा धंदा. मी वर्गात शिकवायला पाहिजे होतं हे."

"सर, सोडा ना," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा हे म्हणाले.

"सुटत नाही. तुम्ही इथंच देत जा. गुलमंडीची चाल तरी वाचेल."

आणि मला ते पटलं. आता कुणी विचारलं तर सांगता येत नाही कसं पटलं, पण त्या वेळी पटलं. असे निळे ओठ घेऊन हा माणूस कुठं तरी रस्त्यात पडेल, त्यापेक्षा इथं बसून ओढेल. पाणी द्यायला मी आहे. बिडी मी ठेवतच होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना देऊ लागले. पेपरात गुंडाळून द्यायचे, कारण ते बंडल हातात धरताना इकडं तिकडं बघायचे. नूरचाचांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडचा रोजचा चहा घेणं बंद केलं.

पावसाळा संपायच्या आत सरांचं येणं थांबलं. कुणी म्हणालं दवाखान्यात होते, कुणी म्हणालं घरी आणलं. दिवाळी झाली आणि मी गारखेड्याची बस धरली. कशाला गेले, तेही सांगता येत नाही. हातात दोन मोसंब्या होत्या.

दार सुमनताईंनी उघडलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. हिरवा चष्मा होता. माझ्याकडं नीट बघितलं.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग?"

"मोडला."

त्यांनी मोसंब्या घेतल्या. "आत या," म्हणाल्या. "चहा टाकते."

सर कॉटवर उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, बाजूला भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला ओळखलं, मान हलवली. बोलायला गेले की दोन शब्दांनंतर दम संपायचा, म्हणून बोलले नाहीत. काय विचारणार, कसं वाटतं म्हणून?

चहा ठेवून सुमनताईंनी खिडकीच्या कट्ट्यावरून प्लास्टिकचं एक खेळण्यासारखं काहीतरी काढलं. तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत एक रंगीत गोटी. खालून एक लवचिक नळी, तोंडात धरायची. डॉक्टरांनी दिलेलं. जोरानं श्वास आत ओढला की गोट्या वर चढतात. त्यांना हे दिवसातून कितीतरी वेळा करायचं होतं, आणि प्रत्येक वेळेला ताई समोर उभ्या.

"चला. ओढा."

सरांनी नळी तोंडात धरली. गाल आत गेले, गळ्याच्या शिरा वर आल्या. पहिली गोटी थरथरली, अर्ध्यापर्यंत चढली आणि पडली. दुसरी आणि तिसरी जागच्या हलल्या नाहीत.

"पुन्हा," ताई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पहिलीही नीट उचलली नाही. सरांनी नळी तोंडातून काढली, धाप टाकत थोडा वेळ बसले. मग ते खेळणं माझ्यापुढं धरलं.

"तुम्ही," म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय," ताई म्हणाल्या. "त्या कशाला?"

"बघू दे," सर म्हणाले. शिकवताना एखाद्या पोराला फळ्याजवळ बोलवावं तसं, बोटानं मला जवळ बोलावलं.

मी नळी पदरानं पुसली आणि तोंडात धरून श्वास ओढला. मला वाटलं होतं जड जाईल. तिन्ही गोट्या एकदम खटकन वर जाऊन नळ्यांच्या टोकाला लागल्या. जन्मात मी बिडी-सिगारेट ओठाला लावली नाही. नुसती विकली.

सर त्या गोट्यांकडं बघत होते. इतकं लक्ष देऊन, डोळे बारीक करून, की मला श्वास सोडवेना. मी ओढत राहिले. छाती दुखायला लागली, कान बंद झाले, तरी ओढत राहिले. सुमनताईही बघत होत्या, एका डोळ्यानं.

मग सोडावाच लागला. गोट्या खाली पडल्या. ताईंनी ते खेळणं माझ्या हातातून घेतलं, नळी धुऊन आणली आणि सरांच्या तोंडापाशी धरली.

"पुन्हा," म्हणाल्या.